पडद्यापलीकडचा लाल

सुरईच्या गळ्यावर पुन्हा साल आली होती.

धाकटीनं हातोडी मांडीवर ठेवली, सुरई खिडकीकडे वळवली आणि तिरक्या उजेडात पाहिलं. तांबं ताणलं गेलं होतं तिथं ते गुळगुळीत असायला हवं होतं. त्याऐवजी संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे उठले होते, हातोडी पडलीच नव्हती अशा जागीसुद्धा. याला कारण एकच असतं. तांबं आतून कणाकणांचं असतं, आणि भट्टीत ते नको इतकं तापलं की मोठे कण लहान कणांना गिळून आणखी मोठे होतात. मग ठोके पडू लागले की प्रत्येक कण आपल्या मर्जीनं वर-खाली होतो. डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटांना लागतं. धाकटीच्या बोटांना ते गेला उन्हाळा संपल्यापासून लागत होतं.

आणि भट्टी धाकटीची नव्हती. ती थोरलीची होती.

दोघी जावा. थोरलीचा नवरा जाऊन बराच काळ झाला होता. धाकटीचा नवरा पुढच्या खोलीत पॉलिश करायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि दोन्ही कामं सारखीच आवडीनं करायचा. घडवायचं काम मात्र या दोघींचं. कामाची खोली लांबट, बोगद्यासारखी. एका टोकाला रस्त्याकडची खिडकी, तिच्याखाली जाड ओंडका, ओंडक्यात रोवलेले लोखंडी खुंट आणि धाकटीचं स्टूल. दुसऱ्या टोकाला विटांची भट्टी, गॅसची ज्योत आणि थोरली. मधे जाड काळा पडदा.

पडदा हवाच, कारण तापलेल्या तांब्याचा पहिला लाल फार लाजरा असतो. उजेडात तो दिसतच नाही, आणि दिसायला लागतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते. थोरली अंधारात बसून त्याची वाट बघायची. तो उमटला की ज्योत बाजूला, तांबं बादलीत, चर्र असा आवाज, आणि मग ती बादली पायानं पडद्याखालून अलीकडे सरकवायची. आचेनं मऊ झालेलं तांबं धाकटी खुंटावर चढवून ठोकायची. ठोकून ठोकून ते पुन्हा कडक झालं की बादलीतून परत पलीकडे. एका भांड्याला अशा किती फेऱ्या लागतात, ते दोघींपैकी कुणीच ठरवत नसे. तांबंच ते ठरवायचं.

ही वाटणी सासूबाईंची. एका म्यानात दोन तलवारी नकोत, असं म्हणून त्यांनी मधला पडदा टांगला होता. नवी नवरी असताना धाकटी एकदाच म्हणाली होती, "मला भट्टीवर बसायला आवडेल." सासूबाईंनी तिचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझा हात जड आहे. हातोडी घे." थोरली तेव्हा जवळच उभी होती. तिनं ऐकलं होतं. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या, पण ते वाक्य घरात कुठंतरी होतंच, न लागणाऱ्या भांड्यासारखं वरच्या फळीवर.

म्हणूनच धाकटीला सांगता येत नव्हतं.

सांगायच्या ऐवजी ती साल झाकत होती. भांडं घडवून झालं की त्यावर चकचकीत तोंडाच्या हातोडीनं जवळजवळ ठोके देत जातात, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं भांडं टणक होतं आणि अंगावर बारीक चकाकत्या टिकल्या उठतात. एरवी एकदा मठारलं की काम संपायचं. आता धाकटी तेच अंग पुन्हा पुन्हा मठारत होती, खळगे दबेपर्यंत, ठोक्यावर ठोका चढेपर्यंत. सकाळी केस विंचरताना उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. ती मान खाली घालून हाताकडे डोकं नेत होती. नवऱ्यानं विचारलं तर म्हणायची, "झोपेत अवघडला."

त्यात त्या वास्तुकार बाई. सुरई त्यांचीच होती. एका नव्या सभागृहात ठेवायची म्हणून त्यांनी ती सांगितली होती: मोठी, तांब्याची, लांब गळ्याची आणि वर चांदीचं तोंड. मधे एकदा बघायला आल्या तेव्हा सुरईच्या पोटावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, "किती दाट ठोके! पूर्वी तुमच्याकडे एवढं बारीक काम नसायचं. अगदी असंच गळ्यावरही हवं हं." धाकटीच्या नवऱ्यानं मान डोलवली होती. धाकटीनं खांदा चोळला होता.

पोट झालं. गळा राहिला होता. आणि त्यानंतर चांदी.

चांदीचीच खरी धास्ती होती. तांबं जास्त तापलं तर खराब होतं, पण जागेवर राहतं. चांदीचं तोंड तांब्याच्या गळ्यावर बसवायचं म्हणजे सांध्यात डाख भरायचा, म्हणजे लवकर वितळणारी चांदी, आणि तो वितळून सांध्यात धावला की त्याच क्षणी ज्योत काढायची. पुढं गेलं की संपलं. कारण तांबं आणि चांदी यांची एक खोड आहे. दोघं वेगवेगळी असताना जेवढी आच सहज सोसतात, त्याच्या कितीतरी आधी, नुसती एकमेकांना टेकली असली की, टेकल्या जागी पाणी होतात. सासूबाई म्हणायच्या, "जावांसारखंच आहे ते." ज्या भट्टीला तांब्याचा लाल सापडत नव्हता, त्या भट्टीवर उद्या-परवा हे तोंड जाणार होतं. तोंड वितळलं तर थोरलीला सगळ्यांसमोर कळणार होतं, वास्तुकार बाईंसमोरसुद्धा. आणि मग ती भट्टीवरून उठणार होती. थोरलीला ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. उठल्यावर ती कुठं बसणार, हे मात्र धाकटीला दिसत नव्हतं. थोरलीला मूल नव्हतं. सिनेमा, शेजार, पोथी, कशाचा नाद नव्हता. ती सकाळी पडद्यामागं जायची आणि संध्याकाळी बाहेर यायची.

"अगं, मग सांगून टाक ना एकदाचं," नवरा चहा ओतताना म्हणाला.

"काय सांगू?"

"सोपं आहे. म्हणायचं, ताई, तांबं जास्त तापतंय."

"मग तुम्हीच सांगा."

"मी? मी पॉलिशवाला माणूस. मला त्यातलं काय कळतं?"

"अडचण आली की तुम्ही पॉलिशवाले. गिऱ्हाईक आलं की मात्र आमची पिढीजात कारागिरी."

तो हसला. तिला हसू आलं नाही. "मी म्हटलं की ते कसं ऐकू येईल, माहीत आहे का? ऊठ, आता मला बसू दे, असं."

"आणि तुला बसायचं नाही?"

तिनं कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं पडद्यामागून आवाज दिला, "आज तोंड बसवून टाकू या का गं?"

"गळा अजून व्हायचाय, ताई."

"कालही व्हायचाच होता."

"माणसाचा गळा बसतो, हा बसत नाही."

पलीकडून थोरली हसल्याचा आवाज आला. धाकटीनं गळा खुंटावर चढवला आणि मठारायला घेतलं. ठोका, जरासं वळवणं, ठोका. खळगे दबत होते, पण शेजारी नवे दिसत होते, जणू सतरंजीखाली केर सारावा आणि तो दुसरीकडे फुगून यावा. हात जड झाला तसे ठोकेही जड पडू लागले. तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि नुसत्या मनगटानं चालू ठेवलं. तेही दुखायला लागलं तेव्हा तिनं दात आवळले.

"अगं किती बडवतेस!" थोरली म्हणाली. "शेजारी म्हणतील, जावा जावा उभा दावा."

"भांडण असतं तर एव्हाना मिटलं असतं."

"कडक निघालंय ना? दे इकडे. आणखी एक आच देते. या वेळी अजून जरा जास्त ठेवते."

धाकटीचा हात वरच्या वर थांबला.

"अजून जरा जास्त म्हणजे?"

"म्हणजे कालच्यापेक्षा."

"काल जास्त ठेवलं होतं?"

"ठेवणारच ना! तू तास तास बडवत बसतेस, म्हणजे मऊ निघतच नसणार. तू तोंडानं बोलायची नाहीस, मला माहीत आहे. म्हणून मीच रोज थोडं थोडं वाढवत आणलंय."

धाकटीनं हातोडी ओंडक्यावर ठेवली. हे नीट समजून घ्यायला तिला थोडा वेळ लागला. तांबं जास्त तापलं की साल यायची. साल आली की ती जास्त मठारायची. ती जास्त मठारते हे पलीकडे ऐकू जायचं, आणि पलीकडे त्याचा अर्थ लागायचा की आच कमी पडली. मग आणखी आच, आणखी साल, आणखी ठोके. उन्हाळ्यापासून दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि सुरई मधल्या मधे भाजून निघत होती.

ती उठली आणि पडदा बाजूला केला. भट्टी चालू असताना असं तिनं कधीच केलं नव्हतं.

"पडदा!" थोरली ओरडली. मग आवाज खाली आला. "राहू दे. मला काय फरक पडतो म्हणा."

थोरली विटांसमोर पाटावर बसली होती. ज्योत बारीक करून ठेवलेली. तिनं मान थोडी वाकडी केली होती, समोरचं समोरून न बघता कडेनं बघणाऱ्या पक्ष्यासारखी.

"ताई, तुम्ही लाल बघता की नाही?"

थोरली चिमट्यानं विटेवरची राख सारखी करत राहिली.

"ताई."

"मधोमध डाग आहे," थोरली म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, हा ऑपरेशनचा मोतीबिंदू नव्हे, हा असाच राहणार. बाजूचं दिसतं. तू दिसतेस. केस विंचरले नाहीस तेही दिसतं. अंधारातला तेवढा लाल दिसत नाही. झगझगीत झाला की दिसतो."

"झगझगीत झाला म्हणजे मेलंच की ते तांबं."

"मला शिकवतेस?"

"आणि चांदी? हे चांदीचं तोंड तुम्हीच तापवून दिलंत ना मला?"

"चांदीवर पेनाची शाई फासते. पुरेशी तापली की शाई उडून जाते. काळ्याचं पांढरं झालेलं दिसतं मला. तांबं मुळात काळं पडतं, त्यावर शाई काय दिसणार?" थोरलीनं चिमटा खाली ठेवला. "म्हणून तांब्याला तुझा हात ऐकायचे. मऊ तांब्यावर ठोका दबका पडतो, कडकावर वाजतो. किती वेळ ठोकतेस त्यावरून पुढची आच ठरवायची. बरं चाललं होतं."

"बरं चाललं होतं? या खांद्याला विचारा! उन्हाळ्यापासून तुमचं जळकं तांबं गुळगुळीत करतेय मी. हात वर जात नाही माझा. भांग पाडायला डोकं खाली आणते, बकरीसारखं!"

"तुला कुणी सांगितलं होतं गुळगुळीत करायला?" थोरलीचाही आवाज चढला. "खडबडीत होतं तर तसंच परत ढकलायचंस! बादली पायानं ढकलायला काय होत होतं? माझ्या हाताला लागलं असतं, मला कळलं असतं. डोळे गेले, राहिला होता तो तुझा ठोका. त्याच्यावर भरवसा ठेवून बसले, तर तू तोही खोटा वाजवत होतीस."

पुढच्या खोलीतलं पॉलिशचं चाक थांबलं होतं, म्हणजे नवरा ऐकत होता.

"का नाही बोललीस?" थोरलीनं विचारलं, या वेळी हळू.

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर उठावं लागलं असतं."

"आणि मी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, हिला भट्टी हवी आहे."

"हवी होतीच ना तुला."

"तेव्हा हवी होती," धाकटी म्हणाली. "आता मला उशी हवी आहे."

थोरलीच्या तोंडून एकदम हसू फुटलं आणि अर्ध्यातच खोकल्यात गेलं. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. ज्योत आपली फुरफुरत होती.

"आण ती इकडे," शेवटी थोरली म्हणाली.

धाकटीनं सुरई आणून तिच्या मांडीवर दिली. थोरलीनं डोळे मिटले आणि गळ्यावरून बोटं फिरवली, आधी बाहेरून, मग अंगठा आत घालून. एका जागी ती थांबली. तिथंच दोन-तीनदा चिमटीत धरून पाहिलं.

"साल बरीच दाबलीस," ती म्हणाली. "पण इथं पातळ झालाय बघ. पत्र्याचा कागद झालाय. यावर चांदीचं तोंड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि कण मोठे आहेत ते आहेतच. आच लागली की इथंच तडा जाणार."

धाकटीनंही बोटं लावली. खरं होतं. कित्येक दिवस तिथं ठोके पडत होते आणि तिनं जाडी पाहिलीच नव्हती. फक्त खळगे पाहिले होते.

"मग?"

"मग काय. गळा कापायचा. सुरईच्या खांद्यापासून. पोट ठीक आहे, पोटाच्या वेळी आच एवढी वाढली नव्हती. गळा नवा घडवायचा."

"बाईंना वेळेवर मिळणार नाही. त्यांना कोण सांगणार?"

"भाऊजी सांगतील," थोरली आवाज मोठा करून पुढच्या खोलीकडे म्हणाली. "पॉलिशवाले आहेत. गुळगुळीत बोलतील."

पुढच्या खोलीत पॉलिशचं चाक घाईघाईनं सुरू झालं.

थोरली उठली. गुडघे धरून, भिंतीला हात लावत, सावकाश. पाट तिनं पायानं धाकटीकडे सरकवला. धाकटीनं पाटाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं हे कितीदा मनात पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात तिचा हात दुखत नसायचा.

"मला नाही येणार, ताई. या वयात?"

"मलाही आता दुसरं काही येणार नाही या वयात. ज्योत मी धरते, हात शाबूत आहेत माझे. तू फक्त बघायचं आणि बोलायचं. पडदा ओढ."

पडदा ओढल्यावर अंधार तिला वाटला होता त्यापेक्षा दाट निघाला. तिच्या बाजूची खिडकी, रस्ता, स्टूल, सगळं नाहीसं झालं. थोरलीनं जुन्या पत्र्याचा एक तुकडा चाचपून विटेवर ठेवला. निळी ज्योत वाढली आणि तुकड्याभोवती फिरू लागली.

"ज्योतीकडे बघू नकोस. डोळे दिपतात. तुकड्याच्या लांबच्या कडेला बघ. काय दिसतंय?"

"काही नाही. काळा आहे."

"आता?"

"रंग धावतायत. जांभळा, पिवळा, तेलाच्या तवंगासारखे."

"ते आगंतुक पाहुणे, येतात नि जातात. त्यांच्याशी बोलायचं नाही. आता?"

"पुन्हा काळा. मळकट."

"मळकट बरोबर. पापणी लवू दे, उगीच ताणून बघू नकोस. काळ्याच्या आत काळं कमी झाल्यासारखं वाटेल."

धाकटी बघत राहिली. काहीतरी होतंय असं तिला वाटलं, मग वाटलं की नाही, डोळेच खेळतायत. कपाळावर धग लागत होती. थोरलीचा हात सावकाश गोल फिरत होता, पूर्वीसारखाच, त्याला डोळ्यांची गरज दिसत नव्हती.

"आलं वाटतं," ती म्हणाली. "नाही, थांबा. हो. आता."

"आता म्हणजे आता की आता वाटतं?"

"आता!"

ज्योत बाजूला. तुकडा बादलीत. चर्र.

थोरलीनं तो पाण्यातून काढला आणि दोन्ही हातांच्या बोटांत धरून वाकवला. थोडा वाकला, मग अडला. तिनं वळणावर अंगठा घासला.

"कच्चा आहे. घाई केलीस."

"भीती वाटली."

"वाटू दे. कच्चं पुन्हा तापवता येतं, जळकं परत येत नाही. दगडापेक्षा वीट मऊ." तिनं तो तुकडा बाजूला टाकला आणि डब्यात हात घालून दुसरा शोधू लागली. "मी शिकत होते तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडून पसाभर तुकडे जाळून घेतले होते. एकही नीट निघाला नव्हता."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू पडद्यापलीकडे होतीस."

धाकटीनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. तिथं तो कमी दुखत होता. डोळ्यांपुढे अजून निळे ठिपके तरंगत होते आणि तिला मनापासून आडवं व्हावंसं वाटत होतं. उद्या गळा कापायचा होता, नवा पत्रा घ्यायचा होता, तो ठोकायला हा हात चालणार होता की नाही कोण जाणे.

"थकलीस का?" थोरलीनं अंधारातून विचारलं.

"हो."

"मी पण," थोरली म्हणाली आणि दुसरा तुकडा विटेवर ठेवून ज्योत त्याच्यावर आणली. "लांबच्या कडेला बघ."